दोन दारांची जोड

शिंप्याची पोरगी त्या दुपारी दुकानात गेली ती बाप मागायला.

"बाबा, दोन तास द्या. नट व्हायचंय तुम्हाला."

"माझं थोबाड बघितलंस का?" शिंपी म्हणाला, पण तोंडातला दोरा तोडून उठलाच. पोरीचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

दिवेवाले तात्या एवढं सांगून थांबले. सिनेमाच्या शाळेतली सामानखोली. बाहेर अंधार पडलेला, आणि पहिल्या वर्षाची चार-पाच मुलं तात्यांभोवती दिव्यांच्या पेट्यांवर बसलेली.

"हसू नका. शिंपी माझ्या शेजारचा. दहा वर्षं माझ्या विजारी त्याने शिवल्यात. हे त्याच्या घरात झालं. जानेवारीची तेवीस तारीख. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं."

"तात्या, आणि मिनिटं कुणी मोजली?" चष्मेवाल्या मुलाने विचारलं.

"कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात घड्याळ असतं, शहाण्या. ऐक गुपचूप."

पोरगी याच शाळेतली, पहिल्या वर्षाची. अभ्यासही नेहमीचाच. एक माणूस रस्त्यावरून येतो, दार उघडतो, आत येतो, खुर्चीत बसतो. पाच शॉट. बोलणं नाही. कुठे कापलं आणि कुठे जोडलं ते बघणाऱ्याला कळता कामा नये. मॅडमनी तिचा अभ्यास दोनदा परत केला होता. पहिल्या वेळी माणूस एका शॉटात उजवीकडे चालत गेला आणि पुढच्या शॉटात उजवीकडूनच आला. "हा घरी चाललाय का घरातून पळालाय?" मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. दुसऱ्या वेळी शर्टाची बाही बाहेरच्या शॉटात दुमडलेली, आतल्या शॉटात सोडलेली. तिसऱ्यांदा चुकलं तर शाळेतून बाहेर. आणि बाहेर पडली तर आईने सांगूनच ठेवलं होतं, काजं-बटणं करायला बसायचं, पुन्हा या खुळाचं नाव काढायचं नाही.

अडचण दाराची होती. शिंप्याचं घर बोळात. दारासमोर दोन हातांवर शेजाऱ्याची भिंत, कॅमेरा मागे न्यायला जागाच नाही. त्यावर तोडगा मॅडमनीच वर्गात सांगितलेला. दार बाहेरून एका घराचं असावं, आतून दुसऱ्या घराचं. हात दाराच्या मुठीला लागला की कापा, दार आत उघडतं तिथे जोडा. बघणाऱ्याला ते एकच घर.

म्हणून तिने बोळ संपतो तिथलं बंद घर निवडलं. वर्षानुवर्षं ते दार कुणी उघडलेलं नव्हतं. पण समोर मोकळं पटांगण, आणि दारावर झकास ऊन.

"दुसरं घर मिळालं नाही तुला?" शिंपी कुरकुरला.

"नुसता मुठीला हात लावायचाय, बाबा. आत कुठे जायचंय?"

त्याने हात लावला. तिने शॉट थांबवला. मग दोघं घरी आले आणि आतलं काम उरकलं. दार उघडलं, शिंपी आत आला, खुर्चीत बसला. सहा वेळा. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "रोज दमून येतात तेव्हा कुणी ढुंकून बघत नाही. आज कौतुक!"

शिंपी दुकानात परत गेला. सात वाजता पोरगी कॉम्प्युटरसमोर बसली, आठला पाचही शॉट जोडून झाले. हात मुठीला, आणि दार आत. केसाएवढी फट नाही. तिने एकटीनेच टाळी वाजवली.

आठ दहाला तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

शिंपी आत आला, बसला. त्याच्यामागे दार अर्धवट उघडं होतं.

आणखी एकदा लावलं. दार जास्त उघडं होतं.

तिने बाहेरचा शॉट सुटा पाहिला. काही नाही. आतला सुटा पाहिला. दार पहिल्याइतकं, अर्धंच उघडं. पुन्हा दोन्ही जोडून लावले...

उंबऱ्यावर कुणीतरी उभं होतं.

"मग बंद करायचं ना!" चष्मेवाला म्हणाला.

"तू केलं असतंस? सकाळी नऊला अभ्यास द्यायचा होता. तिला वाटलं, बापामागून शेजारचं कुणी डोकावलं असेल. तेवढं काढू."

कुठून काढायचं ते बघायला तिने परत लावलं. ते उंबऱ्याच्या आत आलं होतं. उजेड पाठीमागून, म्हणून चेहरा काळा. आणि त्याच्या पाठीमागे शेजाऱ्याची भिंत नव्हती. मोकळं पटांगण होतं. ऊन होतं.

परत लावलं.

खुर्चीच्या मागे. शिंपी समोर बघत बसलेला. पोरीने सांगितलं होतं तसा... अगदी तसाच.

तिच्या मानेला गार वारा लागला. मागून. खऱ्या दारातून.

"अगं," आई आतून म्हणाली, "कोण आलंय?"

"कुणी नाही."

"पाय वाजले की."

पोरीने मागे पाहिलं नाही. समोर पडद्यावर पाहिलं. बाप होता. खुर्ची होती. दार होतं. आणि ते...

ते चित्रात कुठेच नव्हतं.

तिने जोड मोडली. थांबली नाही. पाचही शॉट पुसून टाकले. सकाळचा अभ्यास गेला, वर्ष गेलं, सगळं गेलं. वारा पडला. पाय वाजायचे थांबले. शिंपी घरी आला तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि सुटलो एकदाचे, असं समजून झोपली.

सकाळी मॅडमसमोर ती रिकाम्या हाताने उभी राहिली. काही लपवलं नाही. मॅडम एरवी वर्ग डोक्यावर घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जोड मोडलीस?"

"हो."

"मोडलीस तेव्हा ते कुठे होतं? तिकडे... का तुझ्या घरात?"

"पाय घरात वाजले होते."

"अगं, मग त्याला परत जायला..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही. तिचं नाव मात्र यादीतून काढलं. नियम तो नियम.

सामानखोलीतली मुलं पेट्यांवरून पुढे सरकली. तात्यांचा आवाज खाली गेला होता.

पोरगी घरी पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आई बोळात उभी होती. सकाळी तिनेच बाहेरून कुलूप लावलं होतं आणि शिंप्याबरोबर दुकानात गेली होती. आता किल्ली लागली होती, कुलूप निघून तिच्या हातात होतं.

दार उघडत नव्हतं.

शिंपी दुकानातून धावत आला, गळ्यातली टेप तशीच. त्याने खांदा लावला. एकदा. दोनदा.

त्या घरात माणसं तीन. तिघंही बोळात उभी होती.

आतून कडी लावलेली होती.