स्वाराची कडी

नागेश पाटणकरने जुन्या कार्बाइन जमवायला सुरुवात केली, तेव्हा सिद्धेशला साध्या रायफलीतलं आणि कार्बाइनमधलं अंतरही ठाऊक नव्हतं. दोघे स्टुटगार्टच्या एकाच कंपनीत गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढत. कॅन्टीनमध्ये बसून नागेशनेच त्याला शिकवलं की घोडदळाची बंदूक आखूड असते, ती आधी तोंडातून दारू ठासून भरत, आणि पितळी काडतुसं आल्यावर नळीचा मागचा भाग कापून तिथे बिजागरीची झडप बसवली गेली.

"आणि ही बाजूची कडी," तो फोटोवर बोट ठेवून म्हणाला होता, "स्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला पट्टा यायचा. त्याचा आकडा हिच्यात अडकवायचा. स्वार घोड्यावरून पडला तरी हत्यार त्याला सोडत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सिद्धेश अर्धं जर्मन, अर्धं मराठी म्हणाला होता.

अशीच बदललेली एक बव्हेरियन कार्बाइन नागेश वर्षानुवर्षं एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे मागत होता. म्हाताऱ्याने ती सिद्धेशला देऊन टाकली. का, तर पोरगा हसतमुख वाटला! गुरूची विद्या गुरूला. नागेशने सिद्धेशची पाठ थोपटली, पेढा खाल्ला आणि घरी येऊन ताटावरून उठला. झोपेतही त्याला तो दस्ता दुसऱ्याच्या हातात दिसे आणि अंगाचा तिळपापड होई.

खंडेनवमीला सिद्धेशने बोलावलं. "नागेशदादा, शस्त्रपूजा तुम्हीच सांगा. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

फॉयरबाख भागातल्या सिद्धेशच्या फ्लॅटमध्ये दुपारचं स्वच्छ ऊन होतं. पाटावर लाल कापड, त्यावर कार्बाइन, शेजारी गाडीची किल्ली आणि लॅपटॉप. गार्डन सेंटरमधल्या झेंडूची माळ.

"नळीला कुंकू नको, गंज धरेल," नागेश म्हणाला. मग सहज सुचल्यासारखं, "तू फोटो काढ. संकल्पाचं पाणी मीच सोडतो."

संकल्पात यजमानाचं गोत्र आणि नाव घेतात. सिद्धेशचं घ्यायचं होतं. नागेशने आवाज उतरवला आणि स्वतःचं गोत्र, स्वतःचं नाव घेतलं. पाणी ताम्हनात पडलं. निदान देवापुढे तरी ही माझी, असं त्याला वाटलं, आणि कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

खोलीत ओल्या चामड्याचा वास आला. सिद्धेशने खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीता नवऱ्याकडे बघत राहिली. "अहो, जानवं पुन्हा घालायला लागलात?"

जानवं त्याने जर्मनीत आल्यावरच काढून ठेवलं होतं. आरशात पाहिलं तर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत चार बोटं रुंद तांबडा वळ होता.

संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला. "दादा, ती कडी खाली लोंबत नाहीये. आडवी ताठ झालीय, कुणीतरी ओढून धरल्यासारखी."

"कुठल्या दिशेला?"

"मी मॅपवर बघितलं. तुमच्या घराकडे."

नागेशच्या कमरेला हिसका बसला. तरीही, खरं सांगायचं तर, त्याला आनंदच झाला.

बंदूक नागेशच्या नावावर करायचे रीतसर कागद होईपर्यंतही सिद्धेशला धीर नव्हता. कागद झाले त्याच दुपारी तो कुलूपबंद पेटी घेऊन दारात उभा राहिला. "तुम्हीच ठेवा. मला नको." चहालाही थांबला नाही.

नागेशने कार्बाइन हातात घेतली. कडी आपोआप त्याच्या उजव्या कमरेशी टेकली.

खट्.

त्याने ती तिजोरीत ठेवली. कुलूप लावलं. कमरेवरचं वजन तसंच राहिलं.

तो सोफ्यावर बसला. बाहेर मुलं सायकली फिरवत होती. न दिसणारा पट्टा खांद्यावर हळूहळू हलू लागला. वर, खाली. वर, खाली.

नीता चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अहो, बसल्या जागी असे उसळताय काय?"

त्याला थांबायचं होतं. त्याने खाली पाहिलं. टाचा सोफ्याला दाबल्या जात होत्या, आणि डाव्या हाताची मूठ पोटापुढे, रिकाम्या हवेत, लगाम धरल्यासारखी घट्ट मिटलेली होती.

चाल वाढली.