निळं गंध आणि पिवळी फुलं

"ताई, हे त्या जाड्या मारमॉट खारींचं काम नाही," आन्या गुडघ्यांवर बसत म्हणाली. "चावलेलं दिसत नाही. कुणीतरी नीट खुडलंय."

गिरिजाताईने खुडलेली जागा बोटाने चाचपली. कोलोरॅडोच्या त्या डोंगरावर खडकांच्या फटींत उगवणारं, कोबीच्या कुळातलं हे बुटकं पिवळं फूल म्हणजे तिच्या पीएचडीचा विषय. शेंगा पिकल्या की बिया गोळा करायच्या, म्हणून तिने देठादेठाला रंगीत दोरा बांधला होता. आणि रोज सकाळी दोऱ्यासकट देठच गायब! बिया हातच्या गेल्या तर तिचं अख्खं वर्ष वाया जाणार होतं. सुट्टीसाठी सगळे तिथल्या केबिनमध्ये जमले होते, पण ताईचा चेहरा बघून आन्याचं कशातच लक्ष लागेना.

"लेट्स सेट अ ट्रॅप," तिचा धाकटा भाऊ आर्य म्हणाला. संध्याकाळी दोघांनी उरलेल्या देठांना निळ्या खडूची पूड चोळली.

सकाळी आन्याने मान वर केली आणि पोह्यांचा घास तोंडातच राहिला. ओहायोतल्या डब्लिनहून आलेले जगन्नाथकाका पूजा आटोपून, पिशवी घेऊन बाहेर निघाले होते. कपाळावर रोजच्यासारखं गंध. पण आज ते निळं होतं!

काका निर्माल्य सोडायला ओढ्यावर निघाल्याचं मालिनीकाकूंनी सांगितलं. आर्य ताईला उठवायला धावला, आन्या काकांमागे. काका पिशवी पाण्यात उपडी करणार, एवढ्यात तिने ती दोन्ही हातांनी धरली.

"काका, थांबा. यात ताईचं वर्ष आहे."

काका गोंधळले. मॉर्निंग वॉकला निघायचं आणि शेजाऱ्यांच्या कुंपणाबाहेर डोकावणारी फुलं पूजेला आणायची, ही त्यांची डब्लिनमधली सवय इथेही सुटली नव्हती.

"दोरे बांधलेले दिसले," ते ओशाळून म्हणाले. "वाटलं, कुणी नवस बोललंय. मग ती देवाचीच फुलं की!"

तोवर ताई धापा टाकत पोचली. तिने भीतभीतच पिशवी उघडली. फुलं सुकली होती, पण त्यांच्या खालच्या शेंगा पिकून तपकिरी झाल्या होत्या, आणि प्रत्येक देठावर तिचा दोरा शाबूत होता. निर्माल्य केरात जाऊ नये म्हणून काकांनी पहिल्या दिवसापासूनचं सगळं कागदी पिशवीत जपलं होतं.

"मीसुद्धा बिया कागदी पिशवीतच वाळवते," ताई म्हणाली आणि हसता हसता रडू लागली. आन्याला एकदम हलकं वाटलं.

काकांनी आन्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चोर पकडलास, पोरी. फार बरं केलंस."

दुसऱ्या सकाळी काकांच्या गणपतीपुढे आर्यने केलेलं पिवळ्या कागदाचं फूल होतं. ते कुणी खुडू नये म्हणून काकांनीच त्याला दोरा बांधला होता.