निळ्या रेघेच्या वर

विमानतळावर सामान तोलतात हे शालनबाईंना ठाऊक होतं, पण माणसंही तोलतात हे बार्बाडोसला उतरल्यावर कळलं. तिथून सेंट ओडील नावाच्या चिमुकल्या बेटावर जाणारं विमान बॅटरीवर उडणारं, जेमतेम नऊ माणसांचं. कुणी कुठं बसायचं ते वजनावर ठरायचं. चारचौघांत काट्यावर उभं राहायची पाळी आली तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि आकड्याकडे बघायला नको म्हणून छताकडे बघत राहिल्या. वैमानिक काहीतरी म्हणाला. कानातल्या दुभाष्याने ते आपल्या ठेवणीतल्या मराठीत सांगितलं, "मातोश्री, आपण माझ्या शेजारील आसन भूषवावे." हा दुभाषा म्हणजे हरभऱ्याएवढं यंत्र. जगातली कुठलीही भाषा तो मराठीत आणायचा, फक्त माणसासारखं बोलायचं तेवढं त्याला अजून जमलं नव्हतं.

शालनबाई बावळेकर महाबळेश्वरजवळच्या एका वाडीवरच्या. घरची स्ट्रॉबेरीची शेती आणि रोपवाटिका. एकुलता एक मुलगा शार्दूल सहा वर्षांपूर्वी या बेटावर आला, तो परत गेलाच नाही. समुद्र चढत होता आणि बेटाचा किनारा वर्षागणिक खात होता. त्याला अडवायला बेटाभोवती जिवंत प्रवाळाची भिंत वाढवायची, असं त्याचं काम. फोनवर तो रोज दिसायचा, हसायचा, आई गोळ्या घेतल्यास का म्हणून विचारायचा. घरी कधी येतोस म्हटलं की मात्र सुट्टी नाही, काम अडलंय, पुढच्या वर्षी बघू.

दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. तेव्हाही तो आला नाही. पुतण्याने अग्नी दिला. वर्षश्राद्धालाही नाही. वाडीवरच्या बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण पाठीमागे काय बोलत असतील ते शालनबाईंना न ऐकताच ऐकू यायचं. रागाने त्या दिवसभर वाफ्यांत राबायच्या आणि संध्याकाळी त्याच रागाने त्याच्या फोनची वाट बघायच्या. पोरगा आपला राहिलाय की नाही, एवढंच त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून त्या पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला आल्या होत्या.

बेट दिसू लागलं. निळ्या पाण्यात एकच हिरवा डोंगर आणि भोवती पांढरी कडा. किनाऱ्याजवळ पाण्याखाली एक लांब सरळ पट्टा दिसत होता, त्यावर पांढऱ्या खुणा होत्या. वैमानिकाने बोट दाखवलं. दुभाषा म्हणाला, "ही जुनी धावपट्टी. सागराने ती गिळंकृत केली." नवी धावपट्टी डोंगराच्या खांद्यावर कोरली होती. विमान तिच्यावर टेकलं तेव्हा शालनबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

उतरल्यावर त्यांनी आधी शार्दूलला शोधलं. तो कुठंच नव्हता. एक धिप्पाड बाई हातात पाटी घेऊन उभी होती. पाटीवर मराठीत 'आई' लिहिलेलं, अक्षर त्याचंच. ही डेल्फीन. शार्दूल तिच्या घरी राहत होता. तिने शालनबाईंना घट्ट मिठी मारली.

"शार्दूल कुठाय?"

"तो खाली प्रतीक्षा करीत आहे," दुभाष्याने सांगितलं. "रेषेपाशी. आपणास विदित आहेच."

शालनबाईंना काहीही विदित नव्हतं, पण परक्या बाईपुढे तसं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. सहा वर्षांनी आई येते आणि हा घाट चढून वर येत नाही! त्या जीपमध्ये जाऊन बसल्या.

रस्ता वळणावळणाने उतरत होता, थेट आंबेनळी घाटासारखा. एका वळणावर समोर जाड निळी रेघ दिसली. रस्त्यावर आडवी मारलेली, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गेलेली, पुढं झाडांच्या बुंध्यांवरही ओढलेली. रेघेपलीकडे खांबांवर एक मोठी घंटा टांगलेली होती. डेल्फीन म्हणाली की ही चर्चची घंटा. चर्च वर डोंगरावर आहे, पण शार्दूलसारख्या, पाण्याखाली काम करणाऱ्या लोकांची लग्नं आणि प्रार्थना आता इथंच होतात. आणि घंटेखाली शार्दूल उभा होता. वाळलेला, काळवंडलेला, आणि चेहरा हुबेहूब वडिलांचा.

"थांबवा," शालनबाई म्हणाल्या.

जीप रेघेच्या बरीच वर थांबली. त्या उतरल्या, पण चार पावलंसुद्धा पुढं गेल्या नाहीत. रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि पदर डोक्यावरून घेतला. घरातलं माणूस गेल्यावर पहिल्यांदा भेटणाऱ्याने दुःखातल्या माणसाकडे यायचं असतं. दुःखातलं माणूस उठून सामोरं जात नाही. दोन वर्षं वाडीवर सगळे त्यांना असेच येऊन भेटले होते. राहिला होता एकटा हा.

शार्दूलला त्या बसण्याचा अर्थ कळला. डेल्फीनला कळला नाही. ती त्याला हाताने खाली थांब म्हणून खुणावत होती, मग ओरडू लागली. तो रेघ ओलांडून चढू लागला. सावकाश, एका हाताने भिंत धरून. शालनबाईंना वाटलं, शरमेने पाय जड झालेत. बरं झालं, होऊ देत.

तो जवळ आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. "पप्पांना शेवटचं बघितलं न्हाई गं मी."

"मग आला का न्हाईस रं?" त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हाताने त्याला कुशीत ओढलं. तेव्हा त्यांच्या लुगड्यावर काहीतरी ओलं लागलं. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

डेल्फीन धावत आली. दुभाषा तिच्या वेगाने, पहिल्यांदाच साध्या मराठीत बोलत होता. "त्याला खाली न्या! आत्ता! वर तो मरेल!"

दोघींनी त्याला काखेत हात घालून रेघेखाली आणलं. तिथून आणखी खाली, समुद्राकाठच्या घरापर्यंत. तासाभराने त्याच्या तोंडावर रंग परतला. शालनबाई त्याचे पाय चोळत बसल्या होत्या.

"सांग आता," त्या म्हणाल्या. "खरं सांग."

त्याने सांगितलं. पाण्याखाली तासन् तास काम करता यावं म्हणून त्याच्या रक्तात प्राणकण सोडले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्याच त्या, प्राणवायू दाबून भरलेल्या. एकदा श्वास घेतला की माणूस माशासारखा खाली राहतो. पण डोंगरावर चढलं की बाहेरचा हवेचा दाब कमी होतो. ती निळी रेघ त्याचसाठी, तिच्या वर या लोकांनी जायचं नाही.

"सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर कसं फसफसतं? तसं रक्त होतं, आई."

"मग काढून टाकायचं ते कण."

"पाच वर्षांत आपोआप विरघळणार होते. न्हाई विरघळले. आता हाडांच्या आतला मगजच ते बनवतोय. कसं थांबवायचं ते अजून कुणालाच ठाऊक न्हाई."

"आणि विमान?"

"नेहमीच्या विमानात हवा डोंगरावरच्याइतकी विरळ असती. माझ्यापुरतं वेगळं विमान कुणी केलं तरी उतरून जायचं कुठं? सातारा वर, वाई वर, आपलं घर तर सगळ्यांच्या वर. पप्पा गेले तेव्हा बोटीची चौकशी केली. दीड महिना लागतो म्हणाले." तो खिडकीकडे बघत होता. "तुला सांगितलं असतं तर तू तिथं एकटी झुरत बसली असतीस. राग असला तर माणूस निदान त्या रागावर तरी उभं राहतं, म्हणलं."

शालनबाई त्याचे पाय चोळत राहिल्या. दोन वर्षं पोटाशी धरलेला राग असा एकाएकी निघून गेला, आणि तिथं जे उरलं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं. पोरगा त्यांचाच होता. फक्त त्याला घरी नेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना काचेच्या तळाच्या होडीतून आपलं काम दाखवलं. खाली तो स्वतः पोहत होता. प्रवाळाचा तुकडा घ्यायचा, खडकावर बसवायचा, तो रुजला की त्याचे फुटवे पुढं लावायचे. शालनबाई बघत राहिल्या. स्ट्रॉबेरीच्या एका मातृरोपाचे धावते फुटवे नवऱ्याने आयुष्यभर असेच लावले होते, असेच दोन बोटांनी दाबून.

शार्दूल वर आला, होडीच्या काठाला धरून हसला. "पप्पांना दाखवायचं होतं."

"पोलादपूर केवढ्या उंचीवर आहे रं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"घाटाच्या पायथ्याला. खालीच की. का?"

"तिथं तुला चालंल?"

"चालंल."

"मग शेत खंडानं कसायला देते आणि पोलादपुरात खोली घेते. या लोकांनी घंटा खाली आणली न्हवं? दीड महिना लागू दे बोटीला. दोन वर्षांतून एकदा ये. मी वाट बघीन."

लाटेबरोबर होडी हलत होती.

"आई, तू घाटाखाली कधी आठ दिवस तरी राहिलीस का? तुला उकाडा सोसत न्हाई. तिथं तुझं कुणी न्हाई. शेत न्हाई, पप्पांची जागा न्हाई."

"ते माझं मी बघीन."

"आणि तिथनं मला घरचा डोंगर दिसणार, अन् चढता येणार न्हाई. रोज."

शालनबाईंनी त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. या गोष्टीचा विचार त्यांनी केला नव्हता. सहा वर्षं हा पोरगा रोज फोनवर कशाची वाट बघत होता, हे आपण त्याला एकदाही विचारलं नाही, असं त्यांना वाटलं.

"मी तर खाली येईन," त्या म्हणाल्या. "पण तू सांग बाळा, तुला मला भेटायचं होतं, का घरी यायचं होतं?"