तिसरी बादली

हे मी रचलेलं नाही. मला गोष्टी रचता येत नाहीत, गणितं सोडवता येतात. खोटं वाटलं तर मामाला विचारा. तो अजून त्या हाताने जेवत नाही.

गेल्या महिन्यात, रविवारी, भरदुपारी झालं हे. बाहेर लख्ख ऊन होतं. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी पुढे वाचावंच.

माझा मामा प्लंबर आहे. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यासोबत जाते. नळाचं पाणी मोजायचं असलं की तो बादली धरतो आणि मी मोबाइलवर सेकंद मोजते. बादली किती वेळात भरली, त्यावरून मिनिटाला किती लिटर येतं ते मी तोंडी सांगते. मामा गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या भाचीबाई म्हणजे चालतंबोलतं मीटर!"

त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणजे आमची मावशीच. दोन महिन्यांपूर्वी भाड्याच्या घरात राहायला आली होती, वरच्या मजल्यावर. तिचा गोट्या वर्षाचा आहे. अंघोळीला बसला की आकांत करायचा. आठवडाभर तर खातही नव्हता, गाल पार बसले होते.

"पहिले दोन तांबे हसतो रे," मावशी मामाला म्हणाली, "तिसऱ्याला जीव गेल्यासारखा ओरडतो. पाणी गार पडत असेल. गॅसचा गिझर बसवून दे बाबा एकदाचा."

त्या गिझरला नळाचा जोर लागतो. म्हणून आधी मोजायचं.

मावशीने चहा दिला. चहावर तेलकट तवंग होता. मी तो फुंकून बाजूला केला आणि प्यायले.

हो. प्यायले.

मामा स्वतःची लिटरच्या खुणांची बादली घरी विसरला होता. बाथरूममध्ये एक जुनी हिरवी बादली होती, आधीच्या भाडेकरूंनी मागे टाकलेली. मामाने लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतलं, मार्करने रेघ मारली आणि बादली रिकामी केली.

"हं, चालू!"

पहिली बादली रेघेपर्यंत भरायला साठ सेकंद. दुसरी, साठच.

तिसरी... चाळीस.

"वेडं माप. सोड," मामा म्हणाला. त्याचा नियमच आहे. तीनदा मोजायचं आणि जे जुळत नाही ते सोडून द्यायचं.

"पण नळ तसाच आहे ना? कुणी हात लावला नाही!"

"लाइनमध्ये हवा असते, हुशारबाई."

पुन्हा मोजलं. साठ. साठ.

...चाळीस.

आता मी हट्टाला पेटले. धार तीच, तर चाळीस सेकंदांत सात लिटरसुद्धा येत नाही. मग रेघ गाठली कशी? मी तिसऱ्या बादलीतलं पाणी बाटलीने उपसायला घेतलं. दहा बाटल्या निघायला हव्या होत्या.

सहा निघाल्या. सातवी अर्ध्याच्या थोडी वर.

"मामा, तीन लिटर कुठे गेले?"

"तुझ्या डोक्यात! नीट मोज."

पण त्याचा आवाज बदलला होता. पाणी उपसताना माझी बोटं बुळबुळीत झाली होती. नळ गार होता, बादलीतलं पाणी मात्र कोमट... आणि वास. बाथरूमच्या जाळीत महिनोन् महिने साचलेला केसांचा गोळा बाहेर काढल्यावर येतो ना, तस्सा.

मामाने बादली उपडी केली. दोन थेंब पडले.

बादली रिकामी होती. दिसायला.

"ही..." मामा थांबला. "ही हलकी का होत नाहीये?"

दारात मावशी गोट्याला कडेवर घेऊन उभी होती. गोट्या बादलीकडे टक लावून बघत होता. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"तळाला शेवाळ असेल," म्हणत मामाने बादली सरळ ठेवली आणि आत हात घातला.

हात अर्ध्यावरच अडला.

रिकाम्या बादलीत... अर्ध्यावर.

मामाची बोटं हवेत काहीतरी चाचपत होती. आधी वरून. मग बाजूने. मग एक बोट कशात तरी रुतलं. पचकन आवाज आला, अति पिकलेल्या पेरूत बोट जावं तसा.

गोट्या किंचाळला.

मामाने हात ओढून घेतला. बोटांमध्ये लांब, ओल्या केसांचा गुंता होता आणि नखांत पांढरं, सायीसारखं काहीतरी. ते लोंबत होतं. कोमट होतं, हे तोच नंतर म्हणाला. मामा तिथेच भडाभडा ओकला.

"ताई," तो तोंड पुसत म्हणाला, "गोट्याला याच बादलीतलं पाणी घालतेस?"

"हो. आणि स्वयंपाकघरातला नळ बंद आहे म्हणून चहालाही..."

मग मीही ओकले.

"तू राहायला आलीस तेव्हा मीच पाणी मोजून गेलो होतो," मामा पुटपुटला. "याच बादलीने, काठापर्यंत भरून. तेव्हाही तिसरं माप वेडं निघालं होतं... मी सोडून दिलं."

मावशीने गोट्याची दुपटी तेवढी उचलली. बादली तिथेच ठेवून, कुलूप लावून आम्ही थेट आमच्या घरी आलो. घरमालक म्हणतो, त्याने नंतर दार उघडलं तेव्हा बाथरूममध्ये बादली नव्हतीच.

आता मावशी आमच्याकडेच असते. आमच्या बादल्या मी स्वतः मोजल्यात, प्रत्येक तीनदा. सगळी मापं जुळतात. गोट्या पोटभर जेवतो, गाल पुन्हा वर आलेत. अंघोळीला रडत तर अजिबात नाही. आई त्याला आमच्या निळ्या टबात बसवते.

"बघ, शहाणा झाला माझा राजा!" आई म्हणते.

काल मी दारात उभी राहून बघत होते. आईने टब अर्धाच भरला होता. गोट्या बसला, पाणी थोडंसं वर चढलं. बरोबर. एवढ्याशा पोराने चढणार तेवढंच.

मग तो हसला आणि टबाच्या कडेला सरकून बसला. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा...

आणि पाणी काठावरून सांडलं.

"अगंबाई," आई म्हणाली, "एवढंसं पोर आणि पाणी बघ किती सांडतंय!"