रविवारची दुसरी बाजू

बर्लिनमध्ये रविवारी खिळा ठोकायचा नाही. ठोकलात, तर शेजारी आधी तुम्हालाच ठोकतील. कपडे धुण्याचं यंत्र बंद, ड्रिल बंद, मेलेल्यानंही कूस बदलायची तर हळूच, असा तिथला शिरस्ता.

तिथल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हेडविग कुबाल्लाबाई म्हणजे या शिरस्त्याच्या बिनपगारी हवालदार. त्यांचं हत्यार झाडू. वरच्या आन्सगारनं आवाज केला, की बाई खुर्चीवर चढून दांड्यानं छत ठोकत. तीन ठोके, मग दम, मग तीन. दांड्याचं टोक चपटं झालं होतं. त्या झाडूनं कधी केर काढला असेल, तर देव जाणे.

आन्सगार चित्रविचित्र तबकड्या ऐकून त्यांच्यावर लिहायचा, आणि लोक ते वाचायचेसुद्धा. चर्चमधला ऑर्गन, ढोल, मेंढपाळांची गाणी, कारखान्याची घरघर, सगळं विजेच्या यंत्रात घालून एकाच पातेल्यात शिजवलेलं. बाईंच्या मते ते पातेलंच जिन्यावरून गडगडत खाली यायचं.

त्या रविवारी दुपारी, कॉफीच्या वेळेला, बाई प्लमच्या केकचा तुकडा घेऊन वर गेल्या. आधी खाऊ घालायचं, मग झोडायचं, ही त्यांची रीत.

“मागच्या रविवारी कुणाला सोलत होतास?” बशी पुढे करत त्यांनी विचारलं. “छताचा पोपडा पडला माझ्या कपात.”

आन्सगार हसला. मागच्या रविवारी तो ब्रेमेनला बहिणीकडे होता, घराला कुलूप होतं. बाईंनी आता कान दाखवून यावेत, असं त्यानं केक चघळत सुचवलं. मग मोठ्या कौतुकानं त्यानं एक तबकडी काढली. शुक्रवारी टपालानं आलेली, कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात, ना नाव ना गाव. एक बाजू ऐकून गडी खूश होता. दुसरी पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलेली.

त्यानं सुई टेकवली. भराभर टिकटिक, मधूनच पाखरांसारखी किलबिल.

“ही पळतेय रे,” बाई म्हणाल्या. त्यांचा नवरा नाचाच्या तबकड्यांचा शौकीन होता. “जगाला शहाणपण शिकवतोस आणि स्वतःला वेग कळत नाही?”

आणि त्यांनी स्वतःच वेगाचा खटका पंचेचाळीस फेऱ्यांवरून तेहतिसावर ओढला.

टिकटिक जड होत गेली. ती जिन्यावरची पावलं होती. एक पायरी करकरली, बाईंच्या ओळखीची. बशी किणकिणली. मग एका म्हातारीचा आवाज आला... “मागच्या रविवारी कुणाला सोलत होतास?”

आन्सगारच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

पुढचं दोघांनी जागचं न हलता ऐकलं. म्हातारी जिना उतरली. दार लागलं. काही क्षण काहीच नाही. मग धप्प... ओल्या पोत्यावर हातोडी बसावी तसं. एक माणूस किंचाळला, आणि ती किंचाळी आन्सगारची होती. पुन्हा धप्प. अक्रोड फुटल्यासारखा कडकन आवाज. आणि मधल्या जागांमध्ये, खालून, दबका आवाज. टक टक टक. दम. टक टक टक.

आन्सगारनं सुई ओरबाडून उचलली, प्लग उपटला. कुणीतरी चेष्टा केलीय, घरात कुठंतरी माइक लपवलाय, असं तो बडबडत राहिला. बाईंनी त्याला खाली चल म्हणून विनवलं. पण माइक सापडल्याशिवाय तो हलेना.

“मी पोलिसांना फोन करते,” त्या म्हणाल्या. “काही वाटलं तर ओरड. मी ऐकेन.”

घरात येऊन त्यांनी फोन उचलला, तोच वर धप्प झालं.

मग किंचाळी.

अंगणापलीकडची खिडकी उघडून रेटिग नावाच्या टकल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कुबाल्लाबाई, आज रविवार ना? झोपलात की काय?”

परत लावली मेल्यानं... बाईंच्या मनात आलं. बरंही वाटलं. तबकडीच आहे, दुसरं काय असणार. इतक्या वर्षांचा सराव, हात आपोआप झाडूकडे गेला. टक टक टक. वर काहीतरी फरफटलं. बाईंनी दम घेतला. टक टक टक.

आणि दांडा छताला टेकलेलाच राहिला. मघाशी तबकडीवर ऐकलेली ठोकठोक नेमकी हीच होती. मधल्या जागा त्यांनीच भरल्या होत्या.

त्या जिना चढून धावल्या. दार उघडंच होतं. आन्सगार टेबलाशेजारी पडला होता. चेहऱ्याच्या जागी आता चेहरा नव्हता. केकच्या बशीत दोन दात होते, छतापर्यंत रक्त उडालं होतं, आणि पायाची एक टाच अजून फरशीवर हलके हलके आपटत होती. खिडक्यांना आतून कड्या. प्लग जमिनीवरच. तबकडी आपल्या वेष्टनात, पांढरीशुभ्र, एक थेंब नाही.

पोलिसांना हातोडी मिळाली नाही. शेजाऱ्यांनी जबानी दिली, की साहेब, तिकडून नेहमीच असलं ऐकू येतं. तबकडी पोलिसांनी नेली, दाराला सील ठोकलं.

पुढच्या रविवारी घर चिडीचूप होतं. झाडू बाईंनी केव्हाच मोडून फेकला होता. त्यांनी कॉफी ओतली, साखर घातली, आणि नुसत्याच बसून राहिल्या.

वर काहीतरी उलटवल्याचा आवाज झाला. सुई टेकली. जराशी खरखर... आणि मग कपात चमचा ढवळल्याची शांत किणकिण.

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचा चमचा बशीत होता, अजून कोरडा.