पेंगेली मावशींची नकारवही

"कोणीही! इथं स्वच्छ लिहिलंय बघा, कोणीही!" टेगनने दारावरच्या फिकट निळ्या कागदावर बोट आपटलं. "कोणीही आपलं म्हणणं लेखी कळवू शकतं. म्हणजे आपणसुद्धा!"

"छे! कोणीही म्हणजे मोठी माणसं," जोरी म्हणाला. केशराच्या गोड पावानं त्याचे दोन्ही गाल फुगले होते. "आपल्याला कोण विचारतंय?"

"तू आधी गिळ. मग कायदा शिकव!"

पोर्थगारो गावात दुकान एकच, पेंगेली मावशींचं. त्याच्या दारावर तो कागद तीन आठवडे चिकटलेला होता. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना दारू विकल्याबद्दल मावशींच्या परवान्याचा फेरविचार होणार होता. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं येत्या शुक्रवारच्या आत कळवावं.

मेरिन कागदाकडे बघतच नव्हती. ती बंदराच्या भिंतीवर पाठ करून बसली होती. खाली ओहोटीच्या चिखलात होड्या कुशीवर निजल्या होत्या. उन्हाळ्याची सुट्टी सगळ्या गावात आली होती, पण मेरिनच्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नव्हता. तिचा भाऊ डेन्झिल, चौदा वर्षांचा. जूनमध्ये याच भिंतीच्या पायऱ्यांवरून तो खाली कोसळला. मांडीचं हाड मोडलं. पोटात सायडर होती, सफरचंदाची दारू, दोन मोठ्या बाटल्या. आणि बाटल्या मावशींच्या दुकानातल्या!

आई शहरातल्या इस्पितळात पाळीवर, बाबा बोटीवर. शाळा सुटली की मेरिन आणि डेन्झिल दुकानाच्या मागच्या खोलीत वाढले. मावशींनीच त्यांना वाचायला शिकवलं, बिस्किटांच्या डब्यांवरची अक्षरं दाखवून. त्याच मावशींनी डेन्झिलच्या हातात बाटल्या दिल्या? ओळखून दिल्या? हा प्रश्न मेरिनच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. त्या दिवसापासून तिनं दुकानात पाऊल टाकलं नव्हतं.

"बाबा म्हणतात, दुकान बंदच पाडायचं," ती हळूच म्हणाली.

"पण मला एक कळत नाही," जोरी म्हणाला. "मावशींनी मिस कीस्टना का नाही दिली?"

मिस कीस्ट म्हणजे त्यांच्या शाळेतल्या नव्या बाई. वाढदिवसाला वाइन घ्यायला गेल्या, तर मावशींनी चक्क हाकलून दिलं!

"एकतिसावा वाढदिवस!" टेगन म्हणाली. "सहा फूट उंच बाई! नुसता आवाज तेवढा चिमणीचा. त्यांनी ओळखपत्रसुद्धा दाखवलं. मावशी म्हणाल्या, असली कार्डं हल्ली पोरं घरी छापतात!"

"आणि कौन्सिलनं मुद्दाम गिऱ्हाईक करून पाठवलेल्या सोळा वर्षांच्या पोराला मात्र काही न विचारता दिली," जोरी म्हणाला. "उलटंच चाललंय सगळं."

टेगनचे डोळे चमकले. "नकारवही! ज्याला दारू नाकारली त्याची नोंद त्यांना वहीत करावीच लागते. गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेली असते ती. जोरी, तू मावशींना मागच्या फळीवरच्या मेणबत्त्या काढायला लाव. मी वहीचे फोटो काढते."

"मेणबत्त्या कशाला सांगू?"

"तुझ्या डोक्यात उजेड पडावा म्हणून!"

दहा मिनिटांत दोघं धापा टाकत परत आली. तिघांची डोकी फोनवर वाकली. आणि हसणं थांबलं.

गेल्या वर्षीची पानं शिस्तीत होती. अक्षरं मण्यांसारखी. हिवाळा लागला तशी ती रेघ सोडून उतरू लागली. वसंतात तर ओळीवर ओळ चढलेली, वाळूवर खेकडे पळावेत तशी सैरावैरा. तरी टेगननं एकेक वाचून काढलं.

"चार मे, रविवार, संध्याकाळ. शाळकरी मुलगा. कोवळा. नाकारली."

"चार मे?" जोरी ओरडला. "अरे, ते तर बोलिथो आजोबा! चर्चमध्ये पेटी वाजवणारे! त्यांनीच सगळ्यांना सांगितलं नाही का, मला मावशींनी शेंबडा पोरगा समजून परत पाठवलं म्हणून? अडुसष्ट वर्षांचा कोवळा मुलगा! डोक्यावर एक केस नाही!"

"त्यांचाही आवाज पिपाणीसारखाच आहे," टेगन म्हणाली आणि मध्येच गप्प झाली.

मेरिन उठली. तिला ते कोडंबिडं नको होतं. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते एकाच माणसाला विचारता येणार होतं.

"मेरिन! थांब! काहीतरी ठरवून तरी जाऊ!"

पण ती दुकानात शिरलीसुद्धा.

आत चहाच्या पुड्यांचा, साबणाचा, ताज्या पावाचा तोच जुना वास आला. गल्ल्यामागे मावशी उभ्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा, खांद्यावर राखी शाल. मेरिन अगदी समोर जाऊन उभी राहिली. तुम्ही माझ्या भावाला ओळखून दिलीत का? वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थिजलं.

मावशींनी मान थोडी वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. हसून म्हणाल्या, "काय देऊ, बाई? सुट्टीला कॅरव्हॅनच्या तळावर उतरलात का? यंदा गर्दी फार आहे म्हणे."

मेरिनच्या काळजात चर्र झालं. इतका राग? ओळखसुद्धा द्यायची नाही? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नकळत एक हुंदका बाहेर पडला. एवढासाच.

मावशींचा चेहरा क्षणात बदलला.

"मेरिन? अगं पाखरा, तू आहेस होय! बोलली का नाहीस मघाशी?"

मेरिन बघतच राहिली. हातभर अंतरावर ती उभी होती. खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. आणि मावशींनी तिला ओळखलं ते हुंदक्यावरून!

"मावशी," ती कुजबुजली, "तुम्हाला मी दिसत नाही?"

मावशींनी गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"कडा दिसतात, बाळा. तुझा खांदा दिसतो, मागचं दार दिसतं. मध्ये मात्र भोक पडलंय. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. दिवाळं वाजलं डोळ्यांचं. आवाजावर चालवते सगळं. पोराचा आवाज, मोठ्याचा आवाज. वाटलं होतं, जमेल."

"मग डेन्झिल…"

"ते नको विचारू." त्यांचा आवाज चिरकला. "रोज आठवते गं. त्या दिवशी आलेला एकेक आवाज पुन्हा पुन्हा ऐकते. यातला माझ्या डेन्झिलचा कुठला? मला सापडत नाही."

मेरिननं त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

"कुणाला सांगू नकोस, पाखरा. कळलं तर मुलगा मला शहरात घेऊन जाईल. चौथ्या मजल्यावर. तिथं मला एकही आवाज ओळखीचा नाही. परवाना जाऊ दे. लोभी म्हणू देत, नियम मोडणारी म्हणू देत. आंधळी म्हणून हात धरून नेऊ नये, एवढंच."

घरी डेन्झिल खिडकीशी आडवा पडला होता. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. मेरिन पलंगाच्या कडेला बसली.

"त्या दिवशी मावशी तुला काय म्हणाल्या?"

"पुन्हा तेच? जा ना इथून."

"डेन्झिल, सांग ना रे."

हिवाळ्यात त्याचा आवाज फुटला होता. आता तो बाबांसारखा घोगरा, जाड झाला होता. त्या आवाजाची घरातल्यांनाही अजून पुरती सवय नव्हती.

"पैज होती," तो म्हणाला. "कॅरव्हॅनवाल्या पोरांशी. मला माहीत होतं, मी हरणार. मावशी कान पिळणार, बाबांना सांगणार. मला हरायचंच होतं गं. त्या पोरांपासून सुटलो असतो. मी बाटल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि मागितल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'घ्या साहेब. जपून जा.'" त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. "ओरडल्याच नाहीत. वाटलं, आता यांना माझं काहीच नाही. मग प्यायलो."

मेरिननं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. सांगावंसं वाटत होतं, आणि वचन जिभेवर बसलं होतं.

शुक्रवारच्या आत पत्र गेलं. तिघांच्या सह्यांचं. त्यात वहीतल्या अकरा नोंदी होत्या. एकेका नोंदीतलं माणूस तिघांनी दोन दिवस गावभर हिंडून शोधलं होतं. प्रत्येकाचं वय, आणि प्रत्येकाचा आवाज कसा, तेही लिहिलं होतं. टेगन आणि जोरीला एव्हाना सगळं उमगलं होतं. तरी शेवटचं वाक्य पत्रात नव्हतं.

"तेच तर मुख्य आहे!" टेगन चिडली होती. "त्याच्याशिवाय पत्राला शेपूट नाही!"

"ते मावशींचं आहे," मेरिन म्हणाली. "चोरायचं नाही."

दोन आठवड्यांनी कौन्सिलच्या सभागृहात सुनावणी झाली. लांब टेबलामागे तीन सभासद, मधोमध चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई. एका बाजूला मावशी, एकट्या. दुसऱ्या बाजूला परवाना अधिकारी आणि त्यांच्यामागे मेरिनचे बाबा, जबडा आवळून.

अधिकाऱ्यांनी वही उंच धरली. "ही पाहा नकारवही! नुसत्या रेघोट्या! कायद्याची शुद्ध थट्टा!"

"साहेब," टेगन उभी राहिली, "तुम्ही ती वाचलीत, की नुसती पाहिलीत?"

सभागृहात खसखस पिकली. अधिकाऱ्यांचे कान लाल झाले. "अक्षर लागत नाही त्यातलं!"

"आम्हाला लागलं! शाळकरी मुलगा म्हणून लिहिलेत ते बोलिथो आजोबा. ते मागच्या रांगेत बसलेत. लहान मुलगी म्हणून लिहिल्यात त्या आमच्या मिस कीस्ट!"

"हजर!" मिस कीस्ट चिमणीच्या आवाजात म्हणाल्या. बोलिथो आजोबांनी टक्कल वाकवून नमस्कार केला. आता अध्यक्षबाईही पुढे वाकल्या.

"ज्यांना नाकारली ते अकराच्या अकरा बारीक आवाजाचे," मेरिन उभी राहून वाचू लागली. "तुम्ही पाठवलेल्या मुलाचा आवाज जाड होता. माझ्या भावाचासुद्धा. हिवाळ्यापासून. मावशींनी माझ्या भावाला दारू दिली हे खरं आहे. पण डेन्झिल म्हणून दिली नाही. कारण…"

ती थांबली.

"कारण काय, बाळ?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मेरिननं मान हलवली. "पुढचं मी नाही सांगणार. ते माझं नाहीये."

बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते. मेरिनचे ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी. तिनं ते पुसलंही नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशी उठल्या होत्या.

"पोरीला उभं करून ठेवू नका. मी सांगते. मला दिसत नाही. आता तुमच्यापैकी एकाचाही चेहरा मला दिसत नाहीये. गेल्या हिवाळ्यापासून असंच आहे, आणि मी लपवलं." त्यांनी श्वास घेतला. "ज्या हाताला माणूस दिसत नाही, त्या हातानं बाटली द्यायची नव्हती. मी दिली. पोराचं हाड मोडलं. त्याला सबब काही नाही. चूक माझीच आहे."

मग त्या जिथं बाबा बसले होते असं त्यांना वाटलं, तिकडे वळल्या. थोडं चुकलंच. भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला क्षमा कर."

बाबा उठले. चार पावलं चालून गेले आणि मावशींच्या तोंडासमोर उभे राहिले, त्यांचं बोलणं भिंतीला नाही, माणसाला पोचावं म्हणून.

निकाल दुपारी लागला. दारूचा परवाना तीन महिने स्थगित. त्यानंतर डोळस, जबाबदार माणूस गल्ल्यावर असेल तरच बाटली विकायची. मावशींचं नाव त्या जबाबदारीतून काढलं. दुकान मात्र राहिलं. पाव, दूध, साबण, बिस्किटं. मुलगा शहरातून येऊन गेला, दोन दिवस वाद घातला आणि एकटाच परतला. मावशींनी आपल्या गाडीच्या किल्ल्या मात्र त्याच्याच हातात दिल्या.

"आमच्या चार अधिकाऱ्यांना जे दिसलं नाही, ते या तिघांना दिसलं," अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. टेगन ताठ झाली. जोरीनं लगेच विचारलं, "बक्षीसबिक्षीस असतं का?" आणि तिची कोपरखळी खाल्ली. बाहेर पायऱ्यांवर बाबांनी मेरिनचं डोकं छातीशी धरलं. "रोज पहाटे तिच्याकडून पाव घेतो मी," ते म्हणाले. "एकदा नीट बघितलं असतं तर! तू बघितलंस, पोरी." मेरिनला आनंद व्हायला हवा होता. पण मावशी बसथांब्याकडे जाताना एका हातानं भिंत चाचपत होत्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून उघड चाचपत होत्या. मेरिनला तेच दिसत राहिलं.

सुट्टी संपायच्या आदल्या सकाळी डेन्झिल कुबड्यांवर दुकानात आला. मेरिन दारातच थांबली. तो गल्ल्यापर्यंत गेला आणि उभा राहिला.

"कोण आहे?" मावशींनी विचारलं.

"मी डेन्झिल."

गल्ल्यावरून मावशींचा हात हळूहळू पुढे आला. चाचपत त्याच्या बाहीपर्यंत, तिथून खांद्यावर, तिथून गालावर. गाल ओला होता.

"पुन्हा म्हण, पाखरा."

"डेन्झिल. मी डेन्झिल, मावशी."

"अजून एकदा," त्यांनी डोळे मिटून घेतले. "पाठ करून घेते."