मुकी बरणी आणि सहा करंड्या

"वेलावर उरलेली द्राक्षं? व्यापारी तर त्यांच्याकडं बघत बी नाय," तो हसला.

"मला तीच हवीत. शेवटपर्यंत पिकलेली… अगदी गोड."

१९७८ सालचा मार्च. पिंपळगाव बसवंतला जयराम या शेतकऱ्याच्या द्राक्षबागेत मी घाम पुसत उभी होते. शरणपुरातल्या आमच्या घरी नाताळची वाइन सुमनआत्या घालायची. त्या वर्षी तिचा उजवा हात लुळा पडला आणि ते काम माझ्याकडे आलं. आईविना मला वाढवणारी आत्या एवढंच म्हणाली होती, "करुणा, या नाताळला माझी वाइन चुकू देऊ नकोस गं."

"नोकरी कुठं?" जयरामनं विचारलं.

"सिव्हिलमध्ये. नर्स आहे."

"म्हणजे सिस्टर म्हणायचं…" त्यानं मान खाजवली. "नाय. ते नाय जमायचं मला."

मी उगाचच चपलेकडे बघत राहिले.

त्यानं काळ्या द्राक्षांच्या सहा करंड्या भरून एसटीच्या टपावर चढवल्या. "रिकाम्या करंड्या न्यायला येईन," म्हणाला.

घरी मी नर्सचा खाक्या दाखवला. वाइनची मोठी बरणी उकळत्या पाण्यानं धुतली. द्राक्षांवर फवाऱ्याच्या मोरचुदाचे निळे डाग होते, म्हणून एकेक घड जंतू मारणाऱ्या लाल औषधाच्या पाण्यात तीनदा चोळला. मग द्राक्षं कुस्करली, साखर घातली, फडकं बांधलं. एक-दोन दिवसांत बरणी बुडबुडायला लागते. आत्या त्याला बरणीचं बोलणं म्हणायची.

"बोलतेय का गं?" तिनं खाटेवरून विचारलं.

"हो आत्या," मी म्हणाले. तिच्याशी इतकं धडधडीत खोटं मी कधीच बोलले नव्हते. बरणी तीन दिवस मुकी होती!

चौथ्या दिवशी जयराम आला आणि त्याच्यासमोर मला रडूच फुटलं. त्यानं बरणीला कान लावला.

"द्राक्षं धुतली का?"

"तीनदा."

"अवो, सालीवरची पांढरी लव, तीच तर रस फसफसवती! तुम्ही तिलाच आंघोळ घालून काढून दिली." मग माझा चेहरा पाहून त्याचा आवाज मऊ झाला. "रडू नका. विहिरीवर एक वेल हाय, घरच्या खाण्यापुरता. फवारा नाय त्याला. उद्या आणतो."

जाताना त्यानं एकच करंडी उचलली.

"आणि बाकीच्या?"

"एसटीत गर्दी असती लय," तो म्हणाला. भर दुपारी, त्या रिकाम्या एसटीत!

दुसऱ्या दिवशी डबाभर द्राक्षं न धुता बरणीत गेली आणि दुसरी करंडी घराबाहेर. तिसऱ्या दिवशी तो तिसरी करंडी न्यायला आला आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी बरणीला कान लावले. आतून 'टप्' असं झालं… मग पुन्हा.

"बोलली," तो पुटपुटला. आमच्या मधे फक्त ती बरणी होती.

एप्रिलमध्ये, गाळ न हलवता रबरी नळीनं आम्ही वाइन बाटल्यांत उतरवली. बुचं घट्ट बसवली आणि कोठीच्या अंधारात, वाळूत बाटल्या आडव्या निजवल्या.

"आता नाताळपर्यंत हात लावायचा नाही," मी म्हणाले. "गप्प राहायचं, म्हणजे ती मुरते."

"मला जमतंय गप्प राहायला… तुम्हाला?"

त्यानं चौथी करंडी नेली. श्रावणात बुचं तपासायला म्हणून आला आणि पाचवी नेली. उरलेली एक मी ट्रंकेमागे लपवली. करंड्या संपल्या की त्याचं येणंही संपणार होतं, आणि ते मला सोसणार नव्हतं.

नाताळच्या आदल्या दुपारी पहिली बाटली उघडली. वाइन माणकासारखी लाल, नितळ उतरली होती. आत्यानं डाव्या हातानं पेला ओठाला लावला आणि डोळे मिटले.

"ही माझी वाइन नाही."

मी बाटली उचलून उजेडात धरली.

"माझी इतकी चांगली कधीच झाली नाही. कुणाचा हात लागलाय हिला?"

"आत्या, मी खोटं बोलले. तीन दिवस बरणी मुकी होती. पिंपळगावच्या जयरामनं ती बोलती केली. आणि… मला तो आवडतो, आत्या."

"बरणी मुकी होती ते वासावरून कळलं होतं मला," आत्या हसली. "तू कधी बोलतेस, याचीच वाट बघत होते."

दारात खोकल्याचा आवाज झाला. जयराम! कानापर्यंत लाल झालेला. खांद्यावर पाच करंड्या, सुतळीनं बांधलेल्या.

"त्या परत कशाला?" मी कसंबसं विचारलं.

"एकच उरली होती ना… म्हटलं, सगळ्या परत ठेवाव्या. पुन्हा एकेक न्यायला येईन."

मी ट्रंकेमागची सहावी काढून त्याच्यापुढे ठेवली. "नेऊ नका आता. आणि न्यायच्याच असतील तर… मलाही न्या."

"नाताळ झाला की तुझ्या आईला भेटायला येते मी," आत्या त्याला म्हणाली. "देवाधर्माचं आम्ही दोघी म्हाताऱ्या बघून घेऊ."

आणि त्यांनी खरंच बघून घेतलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. आत्या आता नाही. विहिरीवरच्या त्या वेलाचा पहिला पिकलेला घड दर मार्चला मी तिच्या कबरीवर ठेवते… न धुता. तिचे आभार मानणं माझं आजही पुरं झालेलं नाही.